मोठ्या मापाची बांगडी

भादव्यातलं ऊन पडलं की आमच्या आळीतले पुरुष उगीच मोठ्यानं बोलायला लागतात. आषाढ-श्रावणात याच माणसांचा आवाज उंबऱ्याबाहेर येत नाही. छपरं गळतात, सरपण ओलं असतं, बायका वैतागलेल्या असतात, आणि नर्मदेपार जाऊन आलेला एवढा मोठा शिलेदार चुलीपुढे फुंकणी धरून मुकाट बसतो. मग दोन सरींच्या मध्ये उघडीप मिळायला लागते. परसात तेरडा फुलतो. गौरी येतात, जेवतात, जातात. गौरी बोळवून बायका ओढ्यावरून परत फिरल्या, की त्याच ओढ्यावर पुरुष गोफणी घेऊन उतरतात. काल सकाळपासून समोरच्या तालमीच्या ओट्यावर गोफणी वळायचं काम पुन्हा सुरू झालं आहे. भिजवलेल्या अंबाडीचा आंबूस वास पार माझ्या दुकानात येतो आणि मला तो सोसत नाही. बायको म्हणते, "दरवर्षीचंच आहे. नाक धरून बसा."

नाक धरून बसायला माझी हरकत नाही. पण त्या वासाबरोबर सगळं येतं त्याचं काय करायचं, ते ती सांगत नाही.

पुण्याबाहेरच्या माणसाला ही आमची रीत सांगून पटत नाही. पावसाळ्यात लष्कर घरी असतं. घोडी पागेत खाऊन मातलेली, माणसंही तशीच. दसऱ्याला सीमोल्लंघन होईस्तोवर कोणाशी लढायचं, हा मोठाच प्रश्न. त्यावर आमच्या वाडवडलांनी तोड काढली. नागझरी ओढ्याच्या या काठाला आमची आळी, त्या काठाला त्यांची. गौरी गेल्या की पितृपक्ष लागायच्या आत एक दिवस ठरवायचा, दोन्ही काठांवर माणसं उभी करायची, आणि गोफणीत घालून गोटे एकमेकांच्या डोक्यावर हाणायचे. वैर म्हणाल तर काडीचं नाही. एरवी त्याच काठावरून आमच्याकडे भाजी येते, इकडून तिकडे मुली दिलेल्या आहेत. मेव्हण्यानं मेव्हण्याचं कपाळ फोडायचं आणि पितृपक्षात एका पंगतीला बसायचं. मोठी मंडळी माड्यांवरून बघतात, बरं खेळलं तर शेला देतात. एखादा दगावला तर म्हणतात, मर्दासारखा गेला.

आणि जो गोफणीला आला नाही, त्याच्या दारी ताट जायचं. ताटात हळदकुंकू, एक खण आणि बांगड्या. वाजतगाजत नेऊन सगळ्या आळीसमोर त्याच्यापुढे ठेवायचं. मी तोवर हेच बघितलं होतं, ताट दिसताच माणूस घरातून गोफण घेऊन निघालाच. कोणी रडत निघाला, कोणी शिव्या देत, पण निघाला. त्या ताटातल्या बांगड्या आमच्या दुकानातून जायच्या, कारण आळीत कासाराचं घर आमचंच. पुरुषाच्या हातात जाईल असं मोठं माप आम्ही त्यासाठी वेगळं ठेवत असू. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. रीत होती.

कासाराच्या पोराला तालमीत काय ऐकावं लागतं ते कासाराच्या पोरालाच माहीत. परक्या बाईचा हात हातात घेणारा गावात दुसरा पुरुष नाही. वैद्यबुवासुद्धा नाडी बघतात ती फडक्यावरून. आम्ही मात्र दारात पथारी टाकून बसतो, समोरची हात पुढे करते, आणि आम्ही तिचा अंगठा तळव्यात मुडपून, बोटांची हाडं एकावर एक आणून, बांगडी चढवतो. "हात ढिला सोडा, ताई." दिवसातून हे वाक्य किती वेळा म्हणत असेन, देवाला ठाऊक. नजर मनगटावर. कोपराच्या वर पाहायचं नाही, हे माझ्या बापानं मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. सगळ्या बांगड्या भरून झाल्या की एक वरची, आमच्याकडून, नजर लागू नये म्हणून. ती घालताना म्हणायचं, चुडा अखंड राहो. मग बाई वाकून नमस्कार करते. मिसरूड फुटायच्या वयात मला माझ्या आईएवढ्या बाया नमस्कार करायच्या आणि मी संकोचानं मरायचो. पण त्या नमस्काराचा अर्थ मला कळत होता. या माणसाकडून आम्हाला भय नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावर आमचं घर चालत होतं.

तालमीत त्याचंच हसं व्हायचं. "लिंबाजी, माझा हात मऊ आहे का रे?" आखाड्यात उतरलो की कोणी तरी मनगट पुढे करणारच. पुरुष म्हणजे काय, हे आमच्या तालमीत कधी कोणी सांगितलं नाही. बाई नाही तो पुरुष, एवढंच सगळ्यांना पाठ होतं, आणि मी पडलो दिवसभर बायकांत बसणारा. त्या सगळ्यांत माझी बाजू घेणारा एकच होता, सुभाना. पागेतला बारगीर, माझ्याहून वीतभर उंच. तो म्हणायचा, "आधी त्याची कुस्ती बघा. बांगडीतून हात काढावा तसा पकडीतून निसटतो." लोक हसायचे, पण मग मला सोडायचे. सुभानानं एकदा खांद्यावर हात ठेवला की मी त्या घोळक्यातला होऊन जायचो. खोटं कशाला बोलू, मला ते फार हवंसं वाटायचं. सगळ्यांबरोबर अंगाला माती फासून बसलं, सगळे हसतात तेव्हा हसलं, की आपण कोण, कसे, असला काही प्रश्नच उरत नाही. थंडीत घोंगडीत शिरल्यासारखं वाटतं.

ज्या सालची ही गोष्ट, त्याच्या आदल्या साली मीही ओढ्यावर होतो. गोफण गरगरताना कानाशी जो आवाज येतो, तो एकदा डोक्यात शिरला की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. आमच्या काठावरून सुटलेला एक गोटा समोरच्या एका माणसाच्या कानशिलावर बसला. कोणाचा, ते कोणालाच माहीत नाही, सगळेच सोडत होतो. तो खाली बसला. आधी गुडघ्यावर, मग आडवा. आमच्या काठावर एकच आरोळी उठली. दसऱ्याच्या आधी तो माणूस गेल्याचं कळलं, आणि वस्तादांनी तालमीत नारळ फोडला. त्याच्या नावानं फोडला की आमच्या, ते मला आजवर समजलेलं नाही.

पुढच्या श्रावणात मी त्या काठाला बांगड्या भरायला गेलो. ते माळ्याचं घर होतं. घरातल्या सासूबाई मला नेहमी "कासारदादा" म्हणायच्या, ताक दिल्याखेरीज सोडायच्या नाहीत. थोरल्या सुनेचा हात भरला, मधलीचा भरला. धाकटी भिंतीशी मक्याची कणसं सोलत बसली होती. तिचं नाव मी सांगणार नाही. एकदा तिचं नाव माझ्या नावाशेजारी ठेवून झालं आहे, तेवढं पुरे. आदल्या श्रावणात ती नवी नवरी होती. हडपसरची, शेतात राबलेली, हात रट्ट, बांगडी अडली तेव्हा हसून म्हणाली होती, "दादा, आमचं हात खुरप्याचं हायेत." ते माप माझ्या लक्षात होतं. मी सवयीनं माळेतून तेच माप काढलं आणि हात पुढे केला. तिनं आपल्या मनगटांकडे पाहिलं. जिथे बांगड्या असायच्या तिथे कातडी वेगळ्या रंगाची राहिली होती, तेवढीच उजळ. सासूबाई म्हणाल्या, "तिला नको, कासारदादा." आणि ती, कणीस न ठेवता, आवाज न चढवता म्हणाली, "तुमच्याच काठाचा गोटा हुता, दादा."

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तिच्या बांगड्यांना काय म्हणायचं, ते मला बापानं शिकवलं नव्हतं. मी माळ गुंडाळली आणि घरी आलो. ताक तसंच राहिलं.

हे मी एकट्या सुभानाला सांगितलं. तो नदीवर घोडं धूत होता. गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या, पाणी गढूळ होतं, आणि घोडं सारखं मान झटकून आम्हा दोघांना भिजवत होतं.

"या साली मी गोफणीला यायचा नाही," मी म्हटलं.

"का रे? ताप आहे का?"

"नाही. यायचंच नाही."

मग मी त्याला ते घर, ती कणसं, ती मनगटं सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्याच्यासमोर लपवायची गरज वाटली नाही. सुभाना घोडं धुवायचा थांबला. त्याच्या तोंडावर जे होतं ते खरं होतं, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन.

"मलाही ते दिसतं," तो म्हणाला. "खाली बसला ना तो आधी, ते. मी कोणाला बोललो नाही."

"मग?"

"मग मीही येत नाही. दोघं म्हटल्यावर ताट कोणाला धाडतील?"

त्याच्या कमरेला मारुतीच्या देवळातल्या लाल दोऱ्याची गुंडी होती. गोफणीला जाणारे सगळेच मनगटात तो दोरा बांधायचे. त्यानं माझा अंगठा मुडपला, अगदी मी बायकांचा मुडपतो तसा, आणि हातात सहज जाईल, सहज निघेल असा फासा माझ्या पंजावर बेतून गाठ मारली. "हा तुला." मग माझ्याच पंजावर दुसरा बेतला. "हा मला. आपण जाणार नाही, त्याचा." दुसरा त्याच्या हातात काही जाईना, त्याचा पंजा माझ्या दीडपट. दोघंही हसलो. त्यानं तो तसाच कमरेला खोचला. मला त्या दिवशी घरी परतताना इतकं हलकं वाटत होतं, की वाटेत मी कोणाच्या तरी कुंपणावरची तेरड्याची फुलं तोडून आईला आणून दिली. आई म्हणाली, "आज काय, सोनं सापडलं वाटतं?"

गौरी गेल्या त्या संध्याकाळी तालमीतला खंडू दुकानात आला. लाल दोऱ्याचा एक फासा पुढे टाकून म्हणाला, "या मापाच्या दे. हिरव्या."

"या साली ताट कोणाला?"

"आहे एक."

दर साली हे असंच चालायचं, नाव आधी फुटत नसे. तालमीत ज्याच्या-त्याच्या हातात लाल दोरा. त्यामुळे दोऱ्याचंही मला काही वाटलं नाही. मी फासा बोटांत ताणून पाहिला, मोठ्या मापाच्या माळेतून चांगल्या सुबक निवडल्या, फुंकर मारून पुसल्या. आणि सवय ती सवय, वरची एक घातली. चुडा अखंड राहो, हेही म्हणालो. खंडू इतका हसला की त्याला ठसका लागला. मला वाटलं, माझ्या सवयीला हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी वाजत आमच्या दारापाशी थांबली.

वस्ताद पुढे, मागे सगळी तालीम, त्यामागे आळी. खिडक्यांत बायका. ताटावर मीच निवडलेल्या बांगड्या उन्हात चमकत होत्या. आई घरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली. वस्ताद तसे वाईट नव्हते. त्यांनी रीतीनं विचारलं, "लिंबाजी, गोफण घेतोस, का हे?"

मी घोळक्यात सुभानाला शोधत होतो. तो येईल, माझ्या शेजारी उभा राहील, म्हणेल, आम्ही दोघं आहोत. एवढी मला खात्री होती. तेवढ्यामुळेच माझा आवाज कापला नाही.

"हे घेतो," मी म्हटलं. "माझा धंदाच आहे."

आणि मी ओट्यावर बसलो, उजव्या हातानं डाव्याचा अंगठा मुडपला आणि बांगडी चढवली. ती कुठे अडली नाही. सैलही नव्हती. दुसरी तशीच, तिसरी तशीच. कासार सगळ्या गावाचे हात मापतो, आपला हात त्याला कधी मापावा लागत नाही. मला माझं माप माहीतच नव्हतं. ते ज्याला माहीत होतं असा माणूस एकच. मी मान वर केली. सुभाना खंडूच्या मागे उभा होता. खांद्यावर गोफण होती, मनगटात नवा, त्याच्या मापाचा दोरा होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

ताट बघून माणूस गोफण घेतो, ही रीत. मी बांगड्या घातल्या म्हटल्यावर कोणाला काय करावं ते कळेना. हलगीवाला थांबला. हसणारे थांबले. त्या गप्पपणात खंडूला तोंड उघडायचं सुचलं.

"येईल कशाला तो? त्या काठाच्या माळणीचा हात सुटत नाही त्याच्यानं. नवरा गेला, आता कासारालाच रान मोकळं."

मग मात्र सगळे हसले, सुटकेनं हसले. काय झालं होतं ते त्यांना आता समजलं होतं. भ्यालेला नाही, वेडा नाही, बाईच्या नादी लागलेला आहे. हे त्यांच्या ओळखीचं होतं. त्या घराचं मी ज्याला सांगितलं होतं, तो एकटा हसला नाही. पण ते खोटं आहे, असंही म्हणाला नाही. हलगी पुन्हा सुरू झाली, आणि सगळ्यांबरोबर तोही ओढ्याकडे गेला. मी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

आई माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "उतरव आता. तमाशा संपला."

मी एक एक करून उतरवल्या. एकही वाढवली नाही. कासाराचा हात आहे, शेवटी.

मला तोडलं असतं, चार दिवस बोलले नसते, तर मी सोसलं असतं. ताटाचं तर मला आजही काही वाटत नाही. बांगडी ही माझ्या दृष्टीनं काही लाजेची वस्तू नव्हे. पण खंडूचं ते वाक्य ओढा ओलांडून गेलं. गोटा निदान एकाच काठावर पडतो, बोलणं दोन्ही काठांवर. पितृपक्ष संपला, नवरात्राच्या बांगड्या भरायला मी त्या काठाला गेलो. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

"कासारदादा, आता आमच्याकडे येऊ नका."

"तुम्हाला ते खरं वाटतं?"

"मला नाही हो वाटत. पण आळीला वाटतं."

धाकटीला तिचा भाऊ हडपसरला घेऊन गेला होता. जाताना तो आमच्या दुकानासमोर गाडी थांबवून उतरला होता. आई सांगायची, मी नव्हतो म्हणून बरं. आईला तो इतकंच म्हणाला, "तुमच्या पोराला सांगा, आमची भन कुनाची मस्करी न्हाई." पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. विचारायचीही सोय नाही. मी विचारलं तर तेच खरं ठरणार.

आमच्या आळीतही हळूहळू बायका म्हणायला लागल्या, तुमच्या आईंना पाठवा. कोणी तोंडावर काही बोलली नाही. आपल्या बायका तशा सभ्य. "त्यांचा हात हलका आहे हो," एवढंच. मग आई जायला लागली आणि मी दुकानात बसलो. आईनंतर बायको जाते. लग्न ठरायलाही बराच वेळ लागला; हिच्या बापाचं गाव लांब, तिकडे ही गोष्ट पोचली नव्हती, म्हणून जमलं. आज इतकी वर्षं मी बांगड्या निवडतो, विकतो, माळा करतो, भरत नाही. सगळ्या बायकांना ज्याच्याकडून भय नाही असा जो एक पुरुष गावात होता, तो मी होतो. ते माझ्याकडून काढून घेतलं, आणि घेणाऱ्याला त्याचा काही उपयोगही नव्हता.

मी सुभानाचा खूप विचार केला आहे. नदीवर तो खोटं बोलला, असं मला वाटत नाही. तो फासा त्यानं तेव्हा मुद्दाम बेतला, असंही नाही. तो नुसता त्याच्या कमरेला होता, आणि नंतर उपयोगी पडला. गौरीच्या दिवशी वस्तादांनी तालमीत विचारलं असेल, येणार ना सगळे? शेजारचा हो म्हणाला असेल, त्याच्या शेजारचा हो म्हणाला असेल, आणि आपली पाळी येईस्तोवर याच्या तोंडातलं नाही विरून गेलं असेल. मग कोणी तरी म्हणालं असेल, लिंबाजी दिसत नाही? तेव्हा याला वाटलं असेल, आपल्यावर बालंट यायच्या आत बोलावं. एकदा बोलल्यावर लोक ऐकायला लागले, म्हणून आणखी बोलला असेल. मला हे सगळं कळतं. कळलं म्हणून राग जातो, असं मात्र कोणी समजू नये.

आणि याहून वाईट एक गोष्ट आहे. आईला घराघरांतून बायका सांगायच्या. वस्तादांना गोफणीच्या आदल्या दिवशी अन्न जात नसे. खंडू देवीला नवस बोलला होता, यंदा जायला न लागो. कोणाची बायको म्हणाली, हे रात्रभर कूस बदलतात. निम्म्या तालमीला जायचं नव्हतं. पण जो-तो समजत होता, आपण एकटेच भित्रे. सगळे मिळून अशा एका न भिणाऱ्या माणसाला भीत होते जो त्यांच्यात कुठेच नव्हता.

सुभाना पुढे तीन-चार मोहिमा करून आला, नाव मिळवलं. वाटेत भेटला की मान हलवायचा, मीही हलवायचो. त्या गोष्टीचा शब्द त्यानं कधी काढला नाही. मी वाट बघत होतो, हे मला कबूल करायला लाज वाटते. दर भादव्यात मला वाटायचं, या साली येईल. आता वस्ताद तोच आहे. ताट घेऊन पुढे चालतो तो.

आणि परवा तो आला. भर दुपारी, दुकानात कोणी नसताना. पायरीवर बसला, गुडघे धरून. म्हातारा झालाय. मी पाणी दिलं.

"मोठ्या मापाच्या किती आहेत?" त्यानं विचारलं. "सगळ्या दे."

"आम्ही ते माप ठेवत नाही. त्या सालापासून."

"बाकीच्यांनी दिल्या. सगळ्या पेठा फिरलो." त्याच्या उपरण्यात खरंच बांगड्यांची मोठी मोट होती. मला काही समजेना. मग तो खाली बघत म्हणाला, "हैबती येत नाही म्हणतो."

हैबती त्याचा मुलगा. गेल्या माघात त्याचं लग्न झालं, सून ओढ्यापलीकडचीच. चांगला शांत पोरगा आहे, पागेत घोड्यांशी बोलत असतो. तालमीनं ठरवलं होतं, ताट न्यायचं, वस्तादाचा पोरगा झाला म्हणून काय झालं. आणि ताट नेणार कोण, तर वस्ताद. म्हणून हा बाबा सगळ्या पुण्यातल्या मोठ्या बांगड्या विकत घेत फिरत होता. बांगड्या नाहीत, तर ताट नाही. मला हसूच आलं.

"एवढ्या फिरण्यापेक्षा सोपं आहे," मी म्हटलं. "तालमीच्या ओट्यावर उभा राहा आणि सांग, त्या साली मीही जाणार नव्हतो. आणि लिंबाजीबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. एवढंच. वस्तादच असं म्हणतो म्हटल्यावर तुझ्या पोराला कोण ताट धाडतो?"

त्यानं मोटेची गाठ आवळली.

"मग तालीम माझ्याकडे राहील का?"

"नाही राहणार."

"लोक काय म्हणतील, लिंबा?"

"माझं म्हणाले ते म्हणतील."

"आता त्याला किती वर्षं झाली. कोणाला आठवतंय?"

"मला," मी म्हटलं. "आणि हडपसरला असेल कोणी जिवंत, तर तिला."

त्यानं तांब्या खाली ठेवला. माझ्या हाताकडे पाहिलं, मग म्हणाला, "पोराला मी सांगितलंय, तू जाऊ नकोस, मी आहे तुझ्याबरोबर." आणि उठताना, "बघतो."

आमच्याकडे बघतो याचा अर्थ काय होतो, ते पुण्यात पोरासोरांना माहीत आहे. तरी पण मी आशा धरली. काल सबंध दिवस मी दुकानात बसून तालमीच्या ओट्याकडे कान लावून होतो. अंबाडीचा तो वास सोसला. बायकोनं विचारलं, "कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाची." माझ्यासाठी नाही बोलला, पोटच्या पोरासाठी तरी बोलेल, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

आज दुपारी हलगी वाजली. मी दारात गेलो. घोळका दुकानावरून ओढ्याकडे निघाला होता, आणि हैबती सगळ्यांत पुढे होता. खांद्यावर गोफण, मनगटात लाल दोरा. त्याला काय सांगितलं, कोणी सांगितलं, मला ठाऊक नाही. पण तो सारखा मान वळवून मागे बघत होता, घोळक्यात बापाला शोधत होता. ते बघणं माझ्या ओळखीचं आहे. बाप मागे होता, सगळ्यांच्या मध्ये, आणि सगळ्यांहून मोठ्यानं ओरडत होता.

या साली कोणाच्याही दारी ताट गेलं नाही. सुभानानं गोळा केलेल्या बांगड्या त्याच्या घरी तशाच पडून असतील. त्यांची गरजच लागली नाही.